कुद्रेमुखला चाललात? आधी आमच्या गावाबद्दल थोडं

लक्याकाठची

गेल्या वर्षभरात इथे संकेतस्थळावर कुद्रेमुखवर तीन-चार धागे येऊन गेले. फोटो सगळेच देखणे. हिरवे गवताळ माथे, घळींमध्ये दाटलेली रानं, घोड्याच्या तोंडासारखा तो कडा. एका धाग्यात "माणसाचा हात न लागलेला निसर्ग" असं वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. लिहू की नको करत दोन महिने गेले. आज लिहितेच.

मी त्या हात न लागलेल्या निसर्गात लहानाची मोठी झाले. बाबा तिथल्या लोखंडाच्या खाणीवर होते. नेमकं सांगायचं तर खाणीत नव्हे, खडक दळून त्यातलं लोखंड वेगळं काढायच्या प्लांटमध्ये, इलेक्ट्रिकलला. आम्ही मूळचे राजापूरकडचे. बाबा १९८३ साली एक ट्रंक घेऊन तिथे गेले ते २००६ साली एक ट्रक भरून परत आले.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुद्रेमुख कर्नाटकात, चिक्कमगळूरु जिल्ह्यात. कुद्रे म्हणजे घोडा. शिखर १८९४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ अडीचशे मीटरने उंच. या डोंगरांत लोखंड आहे हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं, पण ते कमी प्रतीचं. खडकात शंभरातले अडतीस भाग लोखंड, बाकी मुख्यतः गारगोटी. ते काढायला लागणारा पैसा १९७५ साली इराणने देऊ केला. तिथे शाहची राजवट होती, त्यांना पोलादाचे कारखाने उभारायचे होते, त्यांनी ६३ कोटी डॉलरचं कर्ज कबूल केलं. १९७६ साली केंद्र सरकारची कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन झाली. प्लांट उभा राहीपर्यंत इराणमध्ये क्रांती झाली, शाह गेला, आणि ज्याच्यासाठी डोंगर फोडायला घेतला तो गिऱ्हाईकच उरला नाही. मग दुसऱ्या देशांत गिऱ्हाइकं शोधली गेली. बाबांच्या पिढीतले लोक हा किस्सा जेवणाच्या पंगतीला सांगावा तसा रंगवून सांगत.

आता आमची गोष्ट. बाबांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे, जुन्या स्पीकरमधून काढलेलं, चकतीसारखं, मध्ये भोक. मी पहिलीत गेल्यावर त्यांनी तसंच एक मला दिलं. भोकातून दोरा ओवून आम्ही मुलं ती चकती मातीवरून ओढत ओढत शाळेत जायचो. शाळेच्या फाटकापर्यंत तिला काळीभोर दाढी फुटलेली असायची. ज्याची दाढी मोठी तो जिंकला. ती दाढी बोटांनी ओरबाडली की बोटं संध्याकाळपर्यंत काळी राहत आणि आई डबा उघडताच हात बघायची. ती दाढी म्हणजे मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज. त्याच्याचसाठी ते सगळं गाव वसलं होतं.

गावात सगळं होतं. क्वार्टर्सच्या ओळी, शाळा, दवाखाना, बँक, क्लब, मंदिर, मशीद, चर्च. शेजारी तुळू बोलणारे, समोर बंगाली, मागच्या ओळीत तेलुगू. आणि पाऊस. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कपडे बाहेर वाळायचेच नाहीत. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधलेल्या असायच्या आणि आमच्या गणवेशाला कायम फोडणीचा वास यायचा.

३१ डिसेंबर २००५ ला खाणकाम थांबलं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात निघालो.

गेल्या नोव्हेंबरात मी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन पहिल्यांदा परत गेले. रस्त्याकडेच्या भागात फिरता आलं, आमच्या ओळीकडे रखवालदाराने जाऊ दिलं नाही. त्याचंही बरोबर होतं, छपरं खचलेली आहेत. लांबून पाहिलं. भिंतींवर शेवाळ आणि त्यावर नेचे. खिडकीतून आत शिरलेलं झाड छपरातून बाहेर आलेलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला मी फ्रिजवरचं चुंबक दिलं आणि रस्त्याच्या कडेच्या गाळावरून फिरवायला सांगितलं. दाढी अजून फुटते.

आमच्या शेजारी एक तरुण गट फोटो काढत होता. लांबवर दिसणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून त्यातली एक मुलगी म्हणाली, काय सुंदर तळं आहे. ते तळं नाही. तो लक्या बंधारा, सुमारे शंभर मीटर उंचीचा. लोखंड काढून घेतल्यावर उरलेला सगळा चिखल पंचवीस वर्षं त्याच्यामागे साठवला आहे.

माझं म्हणणं एवढंच की जाणाऱ्याने हे जाणून जावं. आणि एक प्रश्न. ती वसाहत पर्यटकांसाठी पुन्हा उघडावी, क्वार्टर्स दुरुस्त करून राहायची सोय करावी, अशी चर्चा अधूनमधून होत असते. मला अजून ठरवता येत नाही की मला ते हवंय की नको. तुम्हाला काय वाटतं?

---

सह्यभ्रमर

ताई, "हात न लागलेला" हे माझ्याच धाग्यातलं वाक्य. मनापासून माफी मागतो. आम्ही पहाटे पायथ्याच्या मुळ्ळोडीहून चढायला लागलो, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी खाली. येऊन-जाऊन अठरा-वीस किलोमीटर. त्यात खाणीचा मागमूस दिसत नाही, कारण वाट दुसऱ्या अंगाने चढते. दुसऱ्या दिवशी कार्कळकडे उतरताना रस्त्यालगत ती ओस वसाहत दिसली, गाडीत कुणीतरी "भुताटकीचं गाव" म्हणालं आणि आम्ही हसून पुढे गेलो. तुमचं वाचल्यावर ते हसणं आठवून वाईट वाटलं.

धाग्यातलं वाक्य बदलतो आहे आणि तिथे या धाग्याचा दुवा देतो.

---

खडकफोड्या

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, पुढे नोकरीही खाणक्षेत्रातच केली. कुद्रेमुखचा प्लांट चालू असताना एकदा शिकायला गेलो होतो. ताईंनी लिहिलंय त्यात थोडी भर.

तिथला खडक म्हणजे मॅग्नेटाइट आणि गारगोटीचे एकाआड एक पापुद्रे. तो नुसता फोडून विकता येत नाही. पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, मग चुंबकाच्या आणि पाण्याच्या जोरावर जड काळं एकीकडे आणि हलकं पांढरं दुसरीकडे करायचं. अडतीस टक्क्यांचा खडक असा सदुसष्ट टक्क्यांपर्यंत नेत. ताईंच्या दोऱ्याच्या चकतीचंच तत्त्व, फक्त वर्षाला ७५ लाख टनांच्या हिशेबाने उभं केलेलं.

मला सगळ्यात थक्क केलं ते पुढच्या टप्प्याने. तो काळा चिखल मंगळूरच्या बंदरापर्यंत ट्रकने नव्हे, ६७ किलोमीटरच्या नळातून जायचा, तोही घाटाच्या उताराच्या बळावर. वर डोंगरात कालवलेला चिखल, खाली समुद्रकाठी गाळून वाळवलेली पूड, आणि मध्ये अख्खा सह्याद्री उतरून जाणारा एक लोखंडी नळ. अभियांत्रिकीचं काम म्हणून तेव्हा देशात त्याला तोड नव्हती.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. एक टन माल निघायला साधारण तीन टन खडक दळावा लागे. म्हणजे दोन टन गाळ. वर्षानुवर्षं. तो सगळा लक्याच्या मागे आहे. मैद्यासारखा बारीक, पाण्याने फुगलेला गाळ आणि त्याच्यावर सात हजार मिलिमीटर पाऊस. खाण बंद करता येते, गाळाचा बंधारा बंद करता येत नाही. तो कायम राखावा लागतो. पाऊस संपला की दरवर्षी कुणीतरी जाऊन भिंत, सांडवा, झिरपा तपासायला हवा, आपण सगळे गेल्यानंतरही. तिथे हॉटेल काढायचं की नाही हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो.

---

डिचोलीकर

मी गोव्यातला, डिचोली तालुक्यातला. ताईंचा लेख दोनदा वाचला. आमच्याकडे ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मधे चालू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. आमच्या वाड्यावर दर तिसऱ्या घरासमोर टिपर, म्हणजे खाणीचा माल वाहणारा ट्रक, उभा. चाकांत गवत वाढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या थोरल्या भावाचे दोन होते, कर्जावर घेतलेले. एक विकला तो भंगाराच्या भावाने.

तेव्हापासून ऐकतोय, खाण गेली तर गेली, पर्यटन आणा. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साठलंय, बोटी सोडा. मातीच्या डोंगरांवर झाडं लावा, माणसं येतील. येतीलही. पण टिपरवाला, गॅरेजवाला, बार्जवरचा खलाशी, तपासणीच्या प्रयोगशाळेतला पोरगा, दुपारच्या खानावळीतली बाई, हे सगळे एका बोटिंगच्या तळ्यावर जगतील का? आमच्या गावात एक होमस्टे निघाला. चांगला चाललाय, मला आनंदच आहे. त्यात चार माणसं कामाला आहेत.

मी खाणीची वकिली करत नाही. आमच्या विहिरी आटल्या, शेतात लाल चिखल आला, आजीचा भात गेला. तेही खरंच. पण "खाणगाव झालं पर्यटनस्थळ" असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी विचारतो, जी माणसं खाणीवर होती ती आता कुठे आहेत? कुद्रेमुखच्या बाबतीत उत्तर ताईच देऊ शकतील.

---

लक्याकाठची

डिचोलीकरदादा, उत्तर देते.

आमच्या बाबतीत माणसं पांगली. कंपनीचा पेलेट, म्हणजे लोखंडाच्या पुडीच्या गोळ्या, बनवायचा कारखाना मंगळूरला होता, काही जण तिकडे गेले. काहींनी वेळेआधी निवृत्ती घेतली, त्यात बाबा. काही बंगळूरला मुलांकडे. आमच्या ओळीतले आठ जण मला अजून सापडतात, आठ वेगवेगळ्या गावांत. पगारी नोकरांचं निदान काहीतरी झालं. ज्यांच्या दुकानावर आम्ही वही-पेन्सिल घ्यायचो, जे दूध घालायचे, ज्या बाई धुणीभांडी करायच्या, त्यांच्या नावावर कुठल्याच यादीत काही नव्हतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का निघायच्या दिवशी ट्रकमागे चालत आल्या. आईने त्यांना मिक्सर दिला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यानंतर त्यांचा पत्ता लागला नाही.

बाबा कित्येक वर्षं त्या निकालाचा विषय निघाला की ताटावरून उठून जात. मी बारावीनंतर पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी अभ्यास केला, तिथल्या भद्रा नदीच्या पाण्याबद्दल वाचलं, आणि मला स्वतःला पटलं की खाण बंद व्हायलाच हवी होती. हे मी बाबांना सांगितलं ते २०१४ साली. ते म्हणाले, मला माहीत आहे. पावसाळ्यात नदी कशी दिसायची ते मी रोज बघत होतो. पण माझी तेवीस वर्षं चुकीची होती असं मला म्हणायला लावू नकोस.

मी त्यांना तसं कधीच म्हणायला लावलं नाही. इथेही कुणी लावू नये अशी विनंती.

---

रानवाटा

ताई, नाही लावणार. तुमच्या बाबांसारख्या माणसांनी प्रामाणिकपणे काम केलं, निर्णय त्यांचे नव्हते.

मी गेली पंधरा वर्षं पश्चिम घाटात पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या गणनेला स्वयंसेवक म्हणून जाते, कुद्रेमुखलाही दोनदा गेले. खाण का बंद झाली ते थोडं सविस्तर लिहिते, कारण "पर्यावरणवाल्यांनी बंद पाडली" एवढंच लोकांना माहीत असतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी तिथे सिंहपुच्छ माकडांचं सर्वेक्षण केलं. काळं अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. हे माकड जमिनीवर फारसं उतरत नाही, फांदीला फांदी लागलेलं सदाहरित रान हवं असतं. मधे रस्ता किंवा खाण आली की त्याचा कळप अलीकडेच अडकतो. अशी सलग रानं कुद्रेमुखच्या उतारांवर होती. त्या कामातून पुढे १९८७ साली सुमारे ६०० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. खाण आधीच त्याच्या पोटात होती.

खाणीचा मूळ भाडेपट्टा सुमारे ४६०० हेक्टरचा, तीस वर्षांचा, तो १९९९ साली संपला. मुदत वाढवून मागितली गेली आणि तिथून लढा पेटला. निसर्गासाठी काम करणाऱ्या के. एम. चिन्नप्पा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २००२ ला निकाल दिला आणि २००५ अखेरपर्यंत काम गुंडाळायला सांगितलं. मुख्य मुद्दा गाळाचा. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती, तिन्ही नद्या गंगामूळला याच डोंगरात उगम पावतात. उघड्या केलेल्या डोंगरावर तिथला पाऊस पडला की माती थेट भद्रेत. खाली लक्कवळ्ळीला भद्रेचं धरण आहे, त्यावर हजारो शेतकऱ्यांची शेती.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा मानलं. आपल्याकडचे कास, कोयना, चांदोली, राधानगरी त्याच यादीत आहेत आणि कुद्रेमुखही. फोडलेला डोंगर पोटात घेऊन.

एक कडू गोष्टही लिहिते, माझ्याच बाजूची. उद्यान झालं तेव्हा त्या रानात पिढ्यान्पिढ्या राहणारी मलेकुडियांसारखी आदिवासी कुटुंबं होती. त्यांना आपण इथून उठवले जाणार ही धास्ती बसली. लाकूडफाटा, मध, वाटा, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. त्या असंतोषात २००० नंतर तिथे नक्षल चळवळीने पाय रोवले, गोळीबार झाले, तरुण जीव गेले. खाण गेली म्हणजे रानाच्या माणसांचं भलं झालं असं आपोआप होत नाही, हे मला तिथल्याच एका आजींनी शिकवलं. त्या म्हणाल्या, खाणवाल्यांनी आम्हाला विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाही.

म्हणून वसाहत उघडण्याबद्दल माझं मत: नको. राहायचं असेल तर उद्यानाच्या कडेला मुळ्ळोडी, संसे, कळसा इथे घरगुती सोयी आहेत. तो पैसा तिथल्या घरांत जातो. वसाहत रानाला परत घेऊ द्या.

---

डिचोलीकर

रानवाटाताई, आजींचं वाक्य लिहून ठेवलं. मुळ्ळोडीच्या घरांबद्दल पटलं. पण वसाहत रानाला देणं म्हणजे ताईंचं बालपण रानाला देणं. ते आपण ठरवायचं का?

---

डेन्व्हरची माई

मी अमेरिकेत कोलोरॅडोत राहते, एकवीस वर्षं झाली. इथे खाणीची गावं पर्यटनाची गावं होऊन शंभरेक किलोमीटरवर एकेक बसलेली आहेत. दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतं आणि आम्ही त्यांना सिल्व्हर्टनला नेतो. ते मला आत-बाहेर माहीत झालंय, म्हणून लिहिते.

९३१८ फुटांवरचं चिमुकलं गाव, जेमतेम सहाशे वस्ती. ड्युरँगोहून तिथे वाफेच्या इंजिनाची, पूर्वी कोळशावर चालणारी, अरुंद रुळांची गाडी जाते. १८८२ साली ती खाणीचा माल खाली आणायला घातली, आज ती फक्त माणसं वर नेते. सासूबाईंना नेलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, अगं ही तर आपली माथेरानची. डोळ्यांत कोळशाचा कण गेला तरी खिडकी सोडेनात. गावात रंगीत लाकडी दुकानं, आइस्क्रीम, जुन्या खाणीत नेऊन आणायची सहल. सगळं गोड.

तिथली मोठी खाण सनीसाइड. तिचं खोदकाम एमा नावाच्या तळ्याच्या खालपर्यंत गेलं होतं. ४ जून १९७८ ला तळ्याचा तळ फुटला आणि अख्खं तळं खाणीत उतरलं. रविवार होता म्हणून आत कुणी नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी किती बायकांचं कुंकू पुसलं गेलं असतं, हे तिथे उभं राहिलं की मनात आल्याशिवाय राहत नाही. ती खाण १९९१ साली कायमची बंद झाली.

आणि मग ५ ऑगस्ट २०१५. गोल्ड किंग नावाच्या जुन्या सोडून दिलेल्या खाणीत तुंबलेलं पाणी सरकारी पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली तपासणी चालू असतानाच फुटलं. एक कोटी लिटरहून जास्त पाणी अ‍ॅनिमस नदीत गेलं आणि नदी हळदीसारखी पिवळी झाली. मी ड्युरँगोच्या पुलावर उभी राहून पाहिलंय. लोक बोलत नव्हते, नुसते कठड्याला धरून उभे होते.

मला सांगायचंय ते यापुढचं. तो परिसर सरकारी सफाईच्या यादीत घालावा अशी मागणी कित्येक वर्षं होती आणि गावातल्याच अनेकांचा त्याला विरोध होता. का? तर "विषारी" असा शिक्का बसला तर पर्यटक येणार नाहीत. नदी पिवळी झाल्यावर विरोध मावळला आणि २०१६ साली नाव यादीत गेलं. म्हणजे पर्यटनावर पोट आलं की गावालाच खरं बोलायची भीती वाटायला लागते. सिल्व्हर्टनचा प्रश्न खाणींतून झिरपणाऱ्या आम्लपाण्याचा, तुमचा गाळाचा, पण ही भीती सगळीकडे एकच. लक्याला "तळं" म्हणायला लागलो की पुढे बंधाऱ्याच्या दुरुस्तीबद्दल बोलणं अवघड होत जातं. म्हणून ताई, तू तो शब्द दुरुस्त केलास ते फार मोलाचं आहे.

---

खडकफोड्या

माई, अगदी हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

---

पाऊसवेडी

सगळंच समजलं असं नाही, पण खूप शिकायला मिळालं. एक साधी शंका विचारू का? आम्ही डिसेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीच्या दर्शनाला चाललोय. शिखर चढणं जमणार नाही. गाडीतून कुद्रेमुखचा रस्ता करता येईल का? आणि ताईंचं गाव आदराने बघायचं तर कसं बघावं?

---

सह्यभ्रमर

नक्की करा. मंगळूर किंवा उडुपीला उतरून कार्कळमार्गे वर चढलात की उद्यानातूनच रस्ता जातो, पुढे कळसा आणि मग होरनाडू. वनखात्याच्या नाक्यावर वेळेची चिठ्ठी देतात, तेवढ्या वेळात पलीकडे बाहेर पडावं लागतं, म्हणून वाटेत कुठेही चादर अंथरून बसू नका. हनुमानगुंडीचा धबधबा तिकीट काढून बघता येतो, पण पायऱ्या पुष्कळ आहेत आणि ओल्या असतात, सासऱ्यांचे गुडघे बघून ठरवा. प्लॅस्टिक नाक्यावर तपासतात, ते चांगलंच आहे. शिखर चढणाऱ्यांसाठी: परवाना आधीच ऑनलाइन काढा, रोजची संख्या ठरलेली असते आणि शनिवार-रविवार भराभर भरतात. माथ्यावर मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात जळवा असतात, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर ताईंनीच द्यावं.

---

आठवी_ब

मी या संकेतस्थळावर नऊ वर्षं फक्त वाचते. आज पहिल्यांदा लिहितेय, हात थरथरतोय.

चकती. दोरा. काळी दाढी. लक्याकाठची, तुझ्या घराच्या पायरीशी अनंताचं झाड होतं का गं? पावसात फुलं इतकी यायची की तुझी आई पिशवी भरून वर्गात पाठवायची आणि गणिताच्या बाई ती टेबलावर ठेवायच्या. मी तुमच्या वरच्या ओळीत, टाकीजवळ. आम्ही विदर्भातले, वडील दवाखान्यात कंपाउंडर. मी तुझ्या मागच्या बाकावर बसायचे. आम्ही २००५ च्या दिवाळीतच निघालो, तुला सांगायला आले होते पण तुम्ही राजापूरला गेला होतात.

वसाहतीबद्दल माझं मत विचारशील तर: आपलं घर नको उघडायला. पण शाळा उघडावी. एक खोली. भिंतीवर फोटो, खडकाचे तुकडे, त्या नळाचा एक तुकडा, बंधाऱ्याचा नकाशा, आणि मलेकुडिया आजींचंही म्हणणं त्यांच्याच शब्दांत. राहायला नको कुणी. बघून पुढे जावं. दारात एक टोपली ठेवावी, त्यात दोऱ्याला बांधलेल्या चकत्या.

---

रानवाटा

एका खोलीला माझीही हरकत नाही. मनापासून.

---

डिचोलीकर

आणि ती खोली दाखवायला तिथलंच माणूस पगारावर ठेवावं. अक्कांच्या घरातलं कुणी मिळालं तर फारच चांगलं.

---

लक्याकाठची

आठवी_ब, हो. अनंतच. तुला निरोप पाठवलाय, बघ. तुझं नाव मला पहिल्या ओळीवरच कळलं होतं, "टाकीजवळ" वाचून खात्री झाली. मी आज ऑफिसात काहीही काम केलं नाही.

पाऊसवेडी, तुझं उत्तर: गाडी हळू चालव. वसाहत आली की सासूबाईंना सांग की इथे बायका सहा-सहा महिने स्वयंपाकघरात कपडे वाळवत होत्या. त्यांना लगेच कळेल. आत शिरू नका, फोटो काढायचा तर काढा.

आता ठरवता आलं का म्हणाल तर, खोली मला हवी आहे. क्वार्टर्स नकोत. आठवी_ब आणि मी मिळून एक पत्र लिहायला घेतोय, कंपनीला एक आणि वनखात्याला एक. मसुदा इथे टाकू. खडकफोड्याकाका, बंधाऱ्याची नियमित तपासणी आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा असा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? रानवाटाताई, आजींकडे परत जाणार असाल तर मला न्या. त्यांना विचारल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही.

काल रात्री हा सगळा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. ऐकू कमी येतं, त्यामुळे दीड तास लागला. खडकफोड्याकाकांचा नळाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. माईंचं पिवळ्या नदीचं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या टोपलीत स्पीकरच्याच चकत्या ठेवा म्हणावं, फ्रिजच्या नकोत, त्यांना जोर नसतो. माझ्याकडे अजून अकरा आहेत.

शेवटी विचारलं, अनंत दिसला का गं तुला? मी म्हटलं, बाबा, मला ओळीपर्यंत जाऊच दिलं नाही. तर म्हणाले, मग परत जा. पावसात जा. तो लांबूनही वासाने सापडेल.